दारात गुडघे टेकलेला गवंडी

नमस्कार श्रोतेहो.

मॉन्ट्रियल आणि क्वेबेकात स्थिरावलेल्या आपल्या मराठी घरांपैकी काहींत आता सून किंवा जावई इथल्या जुन्या फ्रेंच कुळातले आहेत. नातवंडांच्या वंशवृक्षाची आपली बाजू आजी-आजोबांना विचारून भरता येते. दुसरी बाजू कशी भरायची, ते आज बघू. इथे साध्या शेतकऱ्याचं, सुताराचं घराणंसुद्धा सतराव्या शतकापर्यंत कागदावर सापडतं. मात्र शोध लग्नाकडून लग्नाकडे, मागे मागे न्यायचा.

लग्नच का? चर्चच्या नोंदवहीत लग्नाच्या नोंदीत बहुतेक वेळा वधू आणि वर, दोघांच्याही आईवडिलांची नावं असतात. म्हणजे एका नोंदीतून मागची पिढी हाती लागते. मग त्या आईवडिलांचं लग्न शोधायचं, आणि असंच मागे जायचं. बारशाच्या, म्हणजे बाप्तिस्म्याच्या नोंदीवरून सुरुवात केली तर हमखास फसाल. एक मूल दगावलं की त्याचंच नाव पुढच्या मुलाला ठेवत. एका गावात तीन-तीन ज्याँ-बाप्तिस्त निघतात. लग्नाकडून लग्नाकडे, हे विसरू नका.

बायकांची सोय आणखी चांगली आहे. या नोंदींत बाई मरेपर्यंत माहेरच्याच आडनावानं येते. आपल्याकडे सासरी नावसुद्धा बदलायची जी पद्धत होती, तिनं किती आज्या-पणज्या कागदावरून पुसल्या! हे मला नेहमीच खुपतं. असो.

आडनावाचा खरा घोळ म्हणजे ऊर्फ. फ्रेंचमध्ये त्याला ‘दी’ म्हणतात. १६६५ साली कारिन्याँ-सालिएर पलटणीचे बाराशेच्या आसपास सैनिक आले, त्यातले चारशेच्या घरात इथेच राहिले. सैनिकांना टोपणनावं असत: लाफ्लर, म्हणजे फूल, साँसूसी, म्हणजे बिनघोर. बाप मूळ आडनावानं नोंदला जाई, मुलगा ऊर्फनं आणि नातू पुन्हा मूळ आडनावानं. नाव अचानक गायब झालं की माणूस मेला असं समजू नका, ऊर्फ शोधा. स्पेलिंगवरही अडून बसू नका. पाद्री कानाला ऐकू आलं तसं लिहीत. गुयोंचं डिऑन झालं ते असंच. पण शेवटी दोन ‘एन’ आणि ‘ई’ असलेलं डिऑन हे वेगळंच घराणं, त्यांची गल्लत करू नका.

आता नोटरीच्या, म्हणजे करार लिहून नोंदवणाऱ्या अधिकाऱ्याच्या, कागदांकडे येतो. चर्चच्या वहीत नावं मिळतात, पण माणूस भेटतो नोटरीच्या दप्तरात. त्यासाठी ज्याँ गुयोंची गोष्ट सांगायलाच हवी.

हा गुयों गवंडी. त्याचा जोडीदार झाकारी क्लूतिये, सुतार. दोघं फ्रान्सच्या पेर्श भागातले. १४ मार्च १६३४ रोजी मोर्तान्य गावात त्यांनी बोपोरचा जहागीरदार रोबेर जिफार याच्याशी करार केला: त्यानं न्यू फ्रान्समध्ये, म्हणजे इथल्या फ्रेंच वसाहतीत न्यायचं, ठरावीक वर्षं यांनी काम करायचं आणि बदल्यात क्वेबेकजवळ बोपोर इथे जमीन मिळवायची. जमीन मिळाली. गुयोंच्या जमिनीचं नाव द्यू ब्यूइसाँ. पण ती जिफारच्या जहागिरीतली, म्हणजे त्याच्यापुढे निष्ठेची शपथ घ्यायला हवी. गुयोंनं ती घेतलीच नाही, वाद वाढला. अखेर १६४६ मध्ये गव्हर्नर माँमान्यीनं हुकूम काढला.

मग गुयों निघाला. बोपोरच्या वाड्याच्या मुख्य दारावर थाप मारली. दार उघडलं जिफारच्या बटाईदारानं, त्याचं नाव बूले. मालक घरात आहेत का? नाहीत. पण त्यांच्या वतीनं शपथ स्वीकारायचा अधिकार मला आहे, बूले म्हणाला. आता गुयों काय करणार! तिथेच दारात त्यानं गुडघे टेकले. डोकं उघडं. कमरेला तलवार नाही, टाचेला आर नाही. घरात नसलेल्या मालकाला उद्देशून तो तीनदा म्हणाला, मी आपल्याला निष्ठा वाहतो, द्यू ब्यूइसाँसाठी जी वाहणं माझ्यावर बांधील आहे ती. आणि हे सगळं, थाप मारल्यापासून, कागदावर उतरलं. म्हणून पावणेचारशेच्या वर वर्षांनी आपण तो उंबरठा बघू शकतो. चर्चच्या वहीत हाच गुयों फक्त ‘अमक्याचा बाप’ म्हणून आला असता.

क्लूतियेला लिहिता येत नव्हतं. कागदाखाली तो कुऱ्हाड काढायचा. १८०० पूर्वी लग्न झालेले त्याचे वंशज मोजले तर ते १०,८५० भरतात, तेव्हा तुमच्या सुनेच्या झाडावर ही कुऱ्हाड निघाली तर नवल नाही.

क्लूतियेची मुलगी ॲन. तिचा रोबेर द्रुएँशी विवाह-करार झाला २७ जुलै १६३६ ला, तो गुयोंनंच लिहिला. मुलगी दहा वर्षांची. तीन वर्षं जोडप्याला घरी ठेवून जेवू घालायचं, असं आईवडिलांनी कबूल केलं. चर्चमधलं लग्न पुढच्या वर्षी. आणि इथेच कराराची किंमत कळते: जून १६४० मध्ये क्वेबेकचं चर्च जळालं, वह्या जळाल्या, आधीच्या नोंदी नंतर लोकांच्या आठवणीवरून पुन्हा लिहिल्या. १६४० आधीची चर्चची तारीख म्हणजे आठवणीतली तारीख. करार मात्र त्याच दिवशीचा अस्सल कागद.

करार बहुधा लग्नाआधी काही दिवस ते काही आठवडे होतो, म्हणून आधीची तारीखही तपासा. सापडलेला करार रद्द झालेला नाही ना, तेही पाहा. १६६३ ते १६७३ मध्ये राजाच्या खर्चानं आलेल्या मुलींपैकी कित्येकींनी एक करार मोडून दुसऱ्याशी केला. मृत्यूनंतरची मालमत्ता-यादी मागवा. त्यात पातेली, गाई, देणी, सगळं येतं. वाटणीपत्र तर सोन्यासारखं: इथे लागू असलेल्या ‘पॅरिसच्या रीती’ या फ्रेंच कायद्याप्रमाणे साध्या कुटुंबात सगळ्या मुलांना सारखा वाटा, त्यामुळे हयात भावंडांची नावं एकाच कागदावर मिळतात. या कागदांच्या प्रती क्वेबेकच्या राष्ट्रीय ग्रंथालय आणि अभिलेखागारात आहेत. नोटरीचं नाव आणि तारीख, हे दोन मिळाले की कागद सापडतो. पुन्हा सांगतो: नोटरीचं नाव आणि तारीख.

१६६६ च्या शिरगणतीत ३,२१५ माणसं आहेत, पण वयं अंदाजे धरा. तांग्वे या पाद्र्याचा सात खंडांचा वंशावळी-कोश वाटाड्या म्हणून चांगला. त्यात चुका आहेत, मूळ नोंद बघितल्याशिवाय वहीत उतरवू नका. १६७९ पासून चर्चच्या वह्या दोन प्रतींत, एक न्यायालयाकडे. एक प्रत फाटली असेल तर दुसरी मागा. आणि घरचे जुने कागद कृपा करून लॅमिनेट करू नका. उष्णतेनं आणि गोंदानं ते कायमचे खराब होतात.