काम जात नाही, कामाचा तुकडा जातो

मित्रहो, ‘संगणक आल्यावर नोकऱ्या राहतील की जातील?’ हा प्रश्न मला हमखास विचारला जातो, आणि तो मुळातच चुकीचा मांडला जातो असे मला वाटते. कोणतीही नोकरी ही पंधरा-वीस लहान कामांची मोट असते आणि यंत्र त्यातली मोजकीच कामे उचलते. उचललेले काम मुळात अवघड होते की नुसतेच कंटाळवाणे, यावर मागे उरलेल्या माणसाचा पगार पुष्कळसा ठरतो.

१९७९ साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी ‘व्हिसिकॅल्क’ ही स्प्रेडशीट, म्हणजे संगणकावरचा हिशेबाचा तक्ता, बाजारात आणली. तिची कल्पना ब्रिकलिन यांना हार्वर्डच्या वर्गात सुचली होती. फळ्यावरच्या तक्त्यात एक आकडा बदलला की त्याच्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे पुसून पुन्हा लिहावे लागत. कागदावर हिशेब करणाऱ्यांचे निम्मे आयुष्य याच खोडाखोडीत जाई. स्प्रेडशीटने ती संपवली. नुसत्या बेरजा करणाऱ्या कारकुनांची गरज घटली हे खरे, पण ‘व्याजदर अर्ध्या टक्क्याने वाढला तर काय होईल?’ हे क्षणात तपासता येऊ लागले, आणि असे प्रश्न नेमके विचारता येणाऱ्या हिशेबतज्ज्ञांचा भाव वधारला.

लंडनमध्ये काळ्या रंगाच्या टॅक्सी चालवणाऱ्यांच्या बाबतीत नेमके उलटे घडले. त्यांच्या परवान्यासाठी ‘द नॉलेज’ नावाची परीक्षा असते आणि तिच्यासाठी चेअरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या परिघातले सुमारे २५,००० रस्ते पाठ असावे लागतात. स्कूटरच्या हँडलवर नकाशा लावून उमेदवार तीन-चार वर्षे शहर पालथे घालतो. मग परीक्षक दोन ठिकाणे सांगतो आणि उमेदवाराने मधला प्रत्येक रस्ता, प्रत्येक वळण क्रमाने म्हणून दाखवायचे असते. फोनमधल्या नकाशाने कामाचा हाच अवघड तुकडा उचलला. २०१२ मध्ये उबर तिथे आली आणि पुढच्या काही वर्षांत खासगी टॅक्सीचालकांची संख्या वाढत गेली. म्हणजे काम वाढले. ओसरले ते त्या दुर्मीळ ज्ञानाचे मोल. नव्या माणसाला दार उघडले, ही बाजूही मी नाकारणार नाही.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेकडे वळू. अर्थतज्ज्ञ एरिक ब्रिन्योल्फसन आणि सहकाऱ्यांनी २०२३ साली सुमारे ५,००० ग्राहकसेवा कर्मचाऱ्यांचा अभ्यास मांडला. ग्राहकाला काय उत्तर द्यावे हे सुचवणारी प्रणाली हाताशी आल्यावर त्यांची उत्पादकता सरासरी १४ टक्क्यांनी वाढली. नवख्यांची ३४ टक्क्यांनी, आणि मुरलेल्यांची जवळजवळ नाहीच. दोन महिने जुना कर्मचारी, ही मदत नसलेल्या सहा महिन्यांहून जुन्या कर्मचाऱ्याइतके काम उरकू लागला.

नवख्यांसाठी ही बातमी चांगलीच आहे. पण ती प्रणाली शिकली कोणाकडून? त्यांच्यातल्याच उत्तम कर्मचाऱ्यांच्या जुन्या संभाषणांतून. चिडलेल्या ग्राहकाला आधी काय म्हणायचे आणि माफी कुठे मागायची, हे ज्याने वर्षानुवर्षे चटके सोसून कमावले, त्याचीच वाक्ये आता शेजारच्या नवख्याच्या पडद्यावर उमटतात. कामाची तुलना करून पगार ठरत असेल, तर त्याचे वेगळेपण त्याच्याच वाक्यांनी पुसले जाते. बढतीच्या वेळी तो कोणता अनुभव दाखवणार, याचे उत्तर मला अजून कोणत्याही मनुष्यबळ अधिकाऱ्याकडून मिळालेले नाही.