एक फुलपाखरू की दहा?

हा फोटो नीट बघा. काळपट तपकिरी पंख, पांढरा पट्टा, अंगावर झळाळणारी निळाई. अ‍ॅस्ट्राप्टेस फुलगरेटर. यातलं 'फुलगरेटर' हे नाव पडलं १७७५ मध्ये. नंतर टेक्सासपासून अर्जेंटिनापर्यंत असं फुलपाखरू दिसलं की लोक हेच नाव लावून मोकळे व्हायचे.

नवी प्रजाती म्हटलं की आपल्याला वाटतं, कुणीतरी जाळं घेऊन घनदाट जंगलात शिरलं आणि कधी न पाहिलेलं काहीतरी हाती लागलं. इथे तर फुलपाखरू सगळ्यांच्या डोळ्यांदेखत उडत होतं!

भानगड निघाली अळ्यांमुळे. कोस्टा रिकातल्या ग्वानाकास्तेच्या जंगलात जीवशास्त्रज्ञ डॅन जॅन्झन, विनी हॉलवॉक्स आणि त्यांचे स्थानिक सहकारी वर्षानुवर्षं अळ्या पाळत होते. अळी कुठल्या झाडावर सापडली ते लिहायचं, त्याच झाडाची पानं तिला घालायची आणि कोषातून काय निघतंय याची वाट बघत बसायचं. काम कंटाळवाणं, पण माझ्या मते खरा शोध इथेच लागला. फुलगरेटरच्या २,५०० हून जास्त अळ्या वाढवल्यावर दिसलं की काहींचे रंग वेगळे, नक्षी वेगळी, खायची झाडंही वेगळी. बाहेर पडणारं फुलपाखरू मात्र जवळपास तेच. प्रजाती ओळखायला तज्ज्ञ जननावयव तपासतात, तेही सारखेच निघाले.

मग जपून ठेवलेल्या फुलपाखरांचे पाय डीएनए तपासायला कॅनडात जीवशास्त्रज्ञ पॉल हेबर्ट यांच्याकडे गेले. त्यांच्या चमूने एका जनुकाचा साधारण ६५० अक्षरांचा तुकडा वाचला. डीएनएवरून पडलेले गट अळ्यांशी आणि झाडांशी ताडून पाहिले, आणि २००४ मध्ये जाहीर केलं: या १० प्रजाती आहेत.

झालं, वाद पेटला. कीटकशास्त्रज्ञ अँड्र्यू ब्राउअर यांनी तीच माहिती पुन्हा तपासली आणि २००६ मध्ये म्हटलं, किमान ३, फार तर ७. डीएनएत फरक दिसतो हे खरं, पण किती फरक पडला की प्रजाती वेगळी धरायची, हे यंत्र सांगत नाही. ते माणसांनाच ठरवावं लागतं.

शिवाय नावं कुठे होती? जिची अळी सेल्टिस नावाच्या झाडाची पानं खाते ती 'सेल्ट', ट्रायगोनियाची खाते ती 'ट्रायगो', असं कामचलाऊ प्रकरण. प्राणिशास्त्राच्या नियमांत ते चालत नाही. रीतसर लॅटिन नाव, वर्णन आणि आधार म्हणून नेमून दिलेला एक नमुना, एवढं हवंच. २०१० मध्ये हे सोपस्कार पार पडले. दहाही नावं ठेवली कुणी? ब्राउअर यांनीच! आणि हा चुकीचा पायंडा पडतोय, असं लेखाच्या शीर्षकातच सुनावून.