सर्व्हो नंतर, आधी आटे

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय 'घरगुती सीएनसी लेथसाठी सर्व्हो ड्राइव्हची निवड'. म्हणजे संगणकानं चालणाऱ्या लेथचे अक्ष फिरवणारी सर्व्हो मोटर आणि तिला चालवणारा ड्राइव्ह. येतो तिकडे, पण जरा वळसा घालून. "साडेसातशे वॅटचा घेऊ की हजारचा?" असं विचारणाऱ्याला माझा उलटा प्रश्न असतो: आटे पाडायचेत का? लेथ करताय म्हणजे पाडायचेतच. मग वॅट ठेवा बाजूला, आधी स्पिंडलकडे, म्हणजे जॉब फिरवणाऱ्या मुख्य शाफ्टकडे बघा.

साध्या लेथवर स्पिंडल आणि टूल पुढे सरकवणारा लीडस्क्रू चेंज गिअरनं, म्हणजे बदलता येणाऱ्या दातचाकांनी, बांधलेले असतात. टूल जास्त रुतलं, पट्टा घसरला, स्पिंडल मंदावला, तर टूल वाहणारं सॅडलही तेवढंच मंदावतं. पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, बिघडत नाही. सीएनसी करताना आपण ते गिअर काढून भंगारवाल्याला देतो. त्यांचं काम आता कोण करणार, हे मात्र ठरवत नाही. मिलिंगवाल्यांचं बरं असतं, त्यांच्या स्पिंडलनं बहुतेक वेळ नुसतं गरगर फिरायचं!

ते काम करतो स्पिंडलचा एन्कोडर, म्हणजे स्पिंडल किती फिरला ते पल्सनं सांगणारा सेन्सर. ए, बी आणि फेऱ्याला एकदाच येणारा इंडेक्स, तिन्ही सिग्नल हवेत. स्पिंडलच्या भोकातून बार जातो, म्हणून एन्कोडर बाजूला बसवून टायमिंग बेल्टनं एकास एक जोडायचा. दोनास एक जोडला की इंडेक्सचा अर्थच जातो. आणि मोटरच्या शाफ्टवर? अजिबात नको. मोटर आणि स्पिंडल यांच्यामध्ये व्ही-बेल्ट आहे, आणि तो घसरतोच.

काही जण जॉब धरणाऱ्या चकामागे एक लोहचुंबक आणि एक सेन्सर लावून मोकळे होतात. आता हिशेब बघा. स्पिंडल ६०० आरपीएमला, आटा दीड मिमी पिचचा. टूल लागताच वेग ५ टक्के पडला. कंट्रोलरला हे कळणार पुढच्या फेऱ्याला. तोवर झेड, म्हणजे स्पिंडलच्या दिशेनं सरकणारा अक्ष, हवा त्यापेक्षा ०.०७५ मिमी पुढे गेलेला असतो. दर पासला, म्हणजे टूलच्या दर फेरीला, खोली वेगळी, म्हणून चूकही वेगळी. मग आट्याची एक बाजू खरवडलेली दिसते आणि दोष जातो टूलला. टूल बिचारं बोलत नाही.

याच घरातली आणखी एक भानगड. मधल्या पासला "जरा हळू करू" म्हणून आरपीएम बदलू नका. सर्व्हो आज्ञेच्या थोडा मागे धावतो. पोझिशन गेन (मागे पडलेलं किती जोरानं भरून काढायचं तो आकडा) सेकंदाला ४० आणि फीडफॉरवर्ड (चूक व्हायची वाट न बघता आधीच दिलेला रेटा) शून्य असेल, तर याच आट्याला ६०० आरपीएमवर तो सुमारे ०.३८ मिमी मागे असतो, ३०० वर त्याच्या निम्मा. म्हणजे आटा जवळजवळ ०.१९ मिमी सरकला. जॉब गेला. स्पिंडलच्या मोटरचा वेग बदलणाऱ्या व्हीएफडीचं पोटेन्शिओमीटर, म्हणजे वेगाचा नॉब, पॅनेलच्या आतच ठेवा, हात शिवशिवणार नाहीत.

आता कंट्रोलर. जुना पीसी, पॅरलल पोर्ट आणि मशीन चालवणारं लिनक्ससीएनसी हे सॉफ्टवेअर. स्वस्त आहे, नाकारत नाही. पण बेस थ्रेड, म्हणजे सॉफ्टवेअरचा सगळ्यात वेगवान फेरा, २५ मायक्रोसेकंदांचा धरला तर तो सेकंदाला ४० हजार वेळाच बघतो. १०२४ लाइनचा एन्कोडर, लाइनमागे चार काउंट धरून, हजार आरपीएमला सेकंदाला ६८ हजार काउंट पाठवतो. त्यापेक्षा १०० खाचांची चकती बरी. शिवाय ड्राइव्हला द्यायच्या पल्स निघणार सेकंदाला जेमतेम २० हजार. एक पल्स म्हणजे एक मायक्रॉन ठेवलात तर वेग मिनिटाला १.२ मीटर. ३ मिमी पिचचा आटा ५०० आरपीएमला दीड मीटर मागतो. म्हणजे पंधरा मीटर धावणारी मोटर घ्यायची आणि पायात दावं बांधायचं! मेसाच्या ७आय७६ई सारखं कार्ड पल्स काढणं आणि एन्कोडर मोजणं हार्डवेअरमध्येच करतं. पैसा इथे घाला.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं, ड्राइव्ह. भराभर.

१६०५ बॉलस्क्रू (१६ मिमी व्यास, फेऱ्याला ५ मिमी सरक), ४०० वॅटची ६० मिमी फ्लॅंजची मोटर, टॉर्क १.२७ न्यूटन-मीटर, सरळ कपलिंग. रेटा मिळतो सुमारे १४०० न्यूटन. साध्या पोलादावर १ मिमी खोली आणि फेऱ्याला ०.२ मिमी फीडला मुख्य बलच ४००-५०० न्यूटनच्या घरात असतं. फीडच्या दिशेनं त्याहून कमी. दोन्ही अक्षांना ४०० वॅट पुरतात. बेड तिरका असेल तर एक्सला, म्हणजे टूल आत-बाहेर नेणाऱ्या अक्षाला, ब्रेकवाली मोटर घ्या, नाहीतर वीज गेली की स्लाइड खाली घसरते.

ड्राइव्हमधला इलेक्ट्रॉनिक गिअर, म्हणजे मोटरच्या एका फेऱ्याला किती पल्स ते, ५००० वर. म्हणजे एका पल्सला एक्सवर व्यासात २ मायक्रॉन. पल्स लाइन ड्रायव्हरनंच, म्हणजे दोन तारांवर उलटसुलट सिग्नल देणाऱ्या सर्किटनंच, द्या. २४ व्होल्टच्या एकतारी ओपन कलेक्टर सिग्नलला साधारण २ किलोओहमचा रेझिस्टर लागतो आणि बऱ्याच ड्राइव्हवर मर्यादा २०० किलोहर्ट्झची असते. पंधरा मीटरच्या वेगाला २५० लागतात.

ड्राइव्हचा अलार्म कंट्रोलरला जोडाच, तोही नॉर्मली क्लोज्ड, म्हणजे वायर तुटली तरी अलार्म समजावा असा. पोझिशन मोडमध्ये जागा तपासून दुरुस्त करणारा लूप ड्राइव्हच्या आत असतो; एक्स थांबला तरी झेडला पत्ता नसतो, तो चालतच राहतो. इमर्जन्सी स्टॉप सॉफ्टवेअरवर सोडू नका, वायरनं वीज तोडणाऱ्या कॉन्टॅक्टरपर्यंत न्या.

व्हीएफडीची मोटर केबल शील्डवाली, शील्ड दोन्ही टोकांना अर्थ, आणि एन्कोडरची वायर त्याच डक्टमधून नको. घरचा, गळती झाली की वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी व्हीएफडी लावताच पडला, तर आधी फिल्टरची गळती तपासा. आरसीसीबी काढून टाकणाऱ्यांनी हात वर करा... नको, राहू दे. अर्थिंगचे प्रश्न बाहेर चहाला विचारा.