ओंजळीतला ‘वा’

ब्लूज हार्मोनिकातला ‘वा-वा’, म्हणजे वाद्याभोवतीची ओंजळ उघडझाप करून सुराला येणारा ‘वा’सारखा आवाज, शिकायला बसलेल्याचा उजवा हात पहिल्याच दिवशी पंख्यासारखा हलायला लागतो, आणि आवाज सपाटच राहतो. उघडण्याआधी हात नीट बंद झालेला नसतो, म्हणून असं होतं. त्यामुळे आज बराचसा वेळ मी बंद हातावरच देणार आहे.

आधी वाद्य. दहा भोकांची डायटॉनिक, म्हणजे एकाच पट्टीचे स्वर असलेली हार्मोनिका, पांढरी एक म्हणजे सी पट्टीची घ्या. आपल्याकडे दुकानांत सहज मिळते ती चोवीस जोडभोकांची ट्रेमोलो यासाठी नको. ती लांब असते, ओंजळीत मावत नाही आणि दोन्ही टोकांनी हवा निसटते.

पहिलं भोक डावीकडे ठेवा. डाव्या हाताची तर्जनी वरच्या पत्र्यावर, अंगठा खाली, आणि हार्मोनिका त्या बेचक्यात आतपर्यंत सरकवा. आवाज पत्र्यांच्या मागच्या उघड्या बाजूने बाहेर पडतो, तिथे बोटं टेकवू नका. आता पाणी प्यायला धरतो तशी ओंजळ करा. मनगटाजवळचे दोन्ही तळव्यांचे मांसल भाग एकमेकांना चिकटलेले, डावी करंगळी उजव्या तळव्यात, उजवी बोटं डाव्या हाताला बाहेरून वेढलेली. आत लिंबाएवढी पोकळी राहू द्या. तळवे दाबून ती बुजवली की ‘वा’ खोल जात नाही.

गळती तपासायची तर हार्मोनिका बाजूला ठेवा आणि त्याच ओंजळीत हलकेच फुंका. गार हवा कुठून निसटते? बहुतेकांची डाव्या करंगळीखालून, काहींची बोटांच्या फटींतून. फट बुजवा, वाद्य परत धरा आणि चौथ्या भोकावर श्वास आत ओढून लांब सूर लावा. पांघरुणाखालून आल्यासारखा दबका आवाज आला आणि सूर किंचित उतरला, तर हात बंद झाला.

असं का होतं, ते आपल्याच तोंडात दिसतं. ‘ऊ’ म्हणताना ओठ आवळलेले असतात, ‘आ’ला जबडा उघडतो, गळ्यातला सूर मात्र तोच असतो. हार्मोनिकात थरथरणाऱ्या पत्तीच्या एका सुरात वरचे अनेक स्वरांश असतात. बंद ओंजळ त्यांतले वरचे दाबते. ओंजळ उघडत जाते तसा तिचा अनुनाद वर चढतो आणि ते मोकळे होतात. म्हणून दुसऱ्या ते पाचव्या भोकांवर ‘वा’ भरदार येतो, सातव्याच्या पुढे पातळ होतो.

उघडताना मनगटाकडची जोड सोडायची नाही, ती बिजागरी आहे. उजवी बोटं दारासारखी फिरतात, तीन-चार बोटं रुंद फट पुरते. अख्खा हात दूर नेला की परत येताना ओठांवर धक्का बसतो. मेट्रोनोम ६० वर लावा, एक ठोका बंद, एक उघडा, चार ठोके एकच अखंड श्वास. हात उघडताना नकळत श्वासाचा जोर वाढतो, तिथे लक्ष ठेवा. मग एका ठोक्यात बंद-उघड, आणि त्यानंतर ठोक्याचे तीन भाग. आवाज समोर जातो, म्हणून वाजवणाऱ्याला स्वतःचा ‘वा’ कमी ऐकू येतो. भिंतीकडे तोंड करून बसा, किंवा फोन वीतभर पुढे ठेवून रेकॉर्ड करा.

यातली सगळ्यात सुंदर जागा बेंडशी, म्हणजे तोंडाचा आतला आकार बदलून सूर खाली ओढण्याशी, जोडलेली आहे. या हार्मोनिकावर ब्लूज बहुधा पांढरी पाचला षड्ज धरून वाजतो. तेव्हा चौथ्या भोकाची ओढ, म्हणजे श्वास आत घेऊन येणारा सूर, पंचम होते आणि ती अर्धा स्वर खाली बेंड केली की तीव्र मध्यम मिळतो. हात बंद ठेवून तीव्र मध्यमावर थांबा. मग बेंड सोडत आणि हात उघडत पंचमावर या, दोन्ही एकाच क्षणी. हात आधी उघडला तर बेंड उघडा पडतो, उशिरा उघडला तर पंचम गुदमरतो. जमलं की वाद्य अक्षरशः हाक मारतं.

ऐकायचं असेल तर ब्लूज हार्मोनिकावादक सनी टेरी आणि राइस मिलर, म्हणजे सनी बॉय विल्यमसन याच नावाने वाजवणारा दुसरा वादक. १९४१ पासून अमेरिकेत आर्कान्सातल्या हेलेना गावच्या केएफएफए रेडिओवर वाजवणाऱ्या मिलरचे हात ऐका, ओळीच्या शेवटी ते किती सावकाश उघडतात. लिटल वॉल्टरचं वादन अप्रतिम, पण या धड्यासाठी ते नंतर ऐका. तो माइक ओंजळीतच धरायचा, आणि माइकने पोकळी भरली की हाताला फारसं काम उरत नाही.