समजतं सगळं, फक्त बोलत नाही

मंडळी, नमस्कार. अध्यक्षांनी दहा मिनिटं दिली आहेत, त्यातली दोन माईकनं खाल्ली. तेव्हा थेट सांगतो.

सुट्टीत आम्ही इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, कॉर्नवॉलला गेलो होतो. तिथं मावझल नावाचं कोळ्यांचं गाव आहे. लिहितात ‘माउसहोल’, म्हणून मी ऐटीत तसंच वाचलं. लेकीनं चारचौघांत दुरुस्त केलं. जवळच पॉल गावात चर्चच्या आवाराच्या भिंतीत डॉली पेंट्रीथ नावाच्या बाईची स्मारकशिला आहे, नेपोलियनच्या पुतण्यानं १८६० मध्ये बसवलेली. डॉली १७७७ साली वारली. कॉर्निश, म्हणजे कॉर्नवॉलची मूळ भाषा, बोलणारी ती शेवटची, असं म्हणतात. लेक म्हणाली, “बाबा, शेवटची होती, तर ती बोलायची कोणाशी?”

अर्थात इंग्रजीत म्हणाली. त्यावरून परतीच्या वाटेवर आमचं नवराबायकोचं जुंपलं. पोरगी मराठी बोलत नाही, यात चूक कोणाची? पुलापर्यंत भांडलो, आणि नंतर लक्षात आलं की भांडण इंग्रजीत चाललंय.

तो पूल टेमर नदीवरचा. ९३६ मध्ये अ‍ॅथेलस्टन या सॅक्सन राजानं (सॅक्सन म्हणजे बाहेरून येऊन इंग्लंडात वसलेले, इंग्रजांचे पूर्वज) याच नदीचा पूर्वकाठ कॉर्नवॉलची हद्द ठरवला. त्याआधी ८३८ मध्ये कॉर्निश लोक डेन लोकांना, म्हणजे डेन्मार्ककडच्या व्हायकिंगांना, हाताशी धरून सॅक्सनांशी लढले आणि हरले. कॉर्नवॉलमधला ‘वॉल’ सॅक्सनांच्या ‘वेआलास’चा. अर्थ, परके. वेल्सही त्यातलंच, आणि वॉलनटसुद्धा परकं फळ! बाहेरून आलेल्यांनी घरच्यांना परकं ठरवलं. कॉर्निशनं मात्र आजही हिशेब सोडलेला नाही: इंग्रजीला त्यांच्यात ‘सॉस्नेक’ म्हणतात, म्हणजे सॅक्सनांची बोली.

पण सगळं वैरच होतं असं नाही. जुन्या कॉर्निशचा मोठा शब्दसंग्रह इसवी सन ११०० च्या सुमाराचा. तो बेतलाय एल्फ्रिक नावाच्या सॅक्सन मठवाशाच्या लॅटिन-इंग्रजी शब्दकोशावर. कोणीतरी इंग्रजी शब्दांच्या जागी कॉर्निश शब्द घातले, आणि तेवढे शब्द टिकले. तलवारीनं भाषा गेली नाही. हद्द ठरल्यावर सहाशे वर्षांनी, १५४९ मध्ये, सरकारनं चर्चमध्ये इंग्रजी प्रार्थनापुस्तक लादलं तेव्हा कॉर्निश माणसं उठली. आमच्यातल्या काहींना इंग्रजी येतच नाही, असं त्यांनी लिहून दिलं. ते बंड चिरडलं गेलं. पुढे घराघरांतून भाषा ओसरत गेली.

आता लेकीच्या प्रश्नाकडे येतो. १७६८ मध्ये डेन्स बॅरिंग्टन नावाचा एक गृहस्थ डॉलीला शोधत गेला. तिला कॉर्निश येत नसावं असं त्यानं सुचवल्यावर ही मासे विकणारी बाई दोन-तीन मिनिटं तोंडाचा पट्टा सोडून बसली. समोर दोन शेजारणी हसत होत्या. “मला शिव्या देत होती का?” असं त्यानं विचारलं. “मनापासून!” त्या म्हणाल्या. त्या डॉलीपेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान होत्या. त्यांना सगळं समजत होतं, पण सहज बोलता येत नव्हतं.

मंडळी, हे वाक्य या हॉलमध्ये कोण म्हणत नाही? “समजतं हो सगळं, फक्त बोलत नाही.” मी तर लाडानं म्हणतो. आपल्या रविवारच्या मराठी वर्गाला सात मुलं येतात. वड्याच्या रांगेत किती होती ते तुम्ही आत्ता पाहिलंत. आणि वड्याची घोषणाही आपण इंग्रजीत केली.

कॉर्निश पुन्हा उभी राहतेय. १९०४ मध्ये हेन्री जेनरनं शिकायला पुस्तक लिहिलं. २००२ मध्ये ब्रिटिश सरकारनं तिला मान्यता दिली. पुस्तकातून शिकून माणसं बोलतात, याचं मला खरंच कौतुक आहे. पण डॉलीच्या शिव्या त्या बॅरिंग्टनला टिपता आल्या नाहीत.

परवा लेक म्हणाली, “मला मराठीत भांडायला शिकव.” मी खुशीत दोन शब्द शिकवले. तिसरा बायकोनं शिकवू दिला नाही. पोरीनं दोन्ही नीट घोकले आणि मग विचारलं, “पण हे मी म्हणू कोणाला? शाळेत कोणाला कळणारच नाही.”