अनुशेषाचं मॉडेल कोण निवडतं?

मित्रहो, १९८३ साली अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली प्रादेशिक असमतोलासाठी सत्यशोधन समिती नेमली गेली. १९८४ च्या अहवालात तिनं राज्याचा अनुशेष, म्हणजे मागे पडलेल्या भागांची विकासातली तूट, सुमारे ३,१८७ कोटी रुपये काढला. विदर्भाचा वाटा साधारण ३९ टक्के, मराठवाड्याचा २४, आणि उर्वरित महाराष्ट्राचा ३७. हा तिसरा आकडा तेव्हा अनेकांना खटकला. पुढारलेला म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवायचं, त्याच भागाचा एवढा अनुशेष कसा?

याचं उत्तर पद्धतीत आहे. समितीनं जिल्हा हा घटक धरला. रस्ते, सिंचन, ग्रामीण विद्युतीकरण अशा नऊ क्षेत्रांत प्रत्येक जिल्हा राज्याच्या सरासरीशी ताडला. जो सरासरीच्या खाली, त्याची तूट रुपयांत मांडली आणि बेरीज केली. जो वर, त्याची आघाडी कुणाच्या तुटीतून वजा केली नाही. विभाग हाच घटक धरला असता, तर एका जिल्ह्याच्या भरभराटीखाली शेजारच्या दुष्काळी जिल्ह्याची तूट झाकली गेली असती आणि ३७ चा आकडा बराच खाली आला असता. जमीन तीच, पाऊस तोच. घटक बदलला की मागासलेपणाचा नकाशा बदलतो. विजय केळकर समितीनं २०१३ च्या अहवालात तालुका हा घटक धरला, तेव्हा पुन्हा तोच वाद पेटला, आणि तो पेटणं रास्तच होतं.

दांडेकरांच्या पद्धतीचा एक गुण मला फार मोलाचा वाटतो. कागद-पेन्सिल घेऊन कुणीही ती तपासू शकत होतं. आता आपण रिग्रेशन वापरतो, म्हणजे एक गोष्ट इतर गोष्टींबरोबर किती बदलते हे आकड्यांतून काढतो. कुठला जिल्हा मागे आहे एवढ्यावर न थांबता तो का मागे आहे, हे विचारतो. प्रश्न चांगला आहे, पण अडचण इथेच सुरू होते. समजा आपल्याकडे वीस चल, म्हणजे जिल्ह्यागणिक बदलणाऱ्या मोजता येण्याजोग्या गोष्टी, आहेत : साक्षरता, बँकशाखा, सिंचन, रस्त्यांची लांबी, शहरीकरण वगैरे. यातला प्रत्येक चल ठेवायचा की वगळायचा, असं म्हटलं की १०,४८,५७६ मॉडेलं, म्हणजे चलांच्या वेगवेगळ्या निवडी, तयार होतात. आणि जिल्हे किती? ३६. दहा लाखांवर मॉडेलांतून आपल्या मनासारखं एक सापडणं मुळीच अवघड नाही.

देशांच्या आर्थिक वाढीबाबत हा अनुभव येऊन गेला आहे. १९९२ मध्ये अर्थतज्ज्ञ लेव्हिन आणि रेनेल्ट यांनी दाखवलं की सोबतचे चल बदलले की बहुतेक निष्कर्ष डळमळतात. गुंतवणुकीचं प्रमाण हा टिकून राहिलेल्या मोजक्या घटकांपैकी एक. १९९७ मध्ये अर्थतज्ज्ञ साला-इ-मार्टिन यांनी वीस लाख रिग्रेशनं चालवली आणि एकाच मॉडेलावर विसंबण्याऐवजी प्रत्येक चलाच्या सगळ्या निकालांचं वितरण पाहिलं. मला हीच दिशा योग्य वाटते.

मॉडेल निवडीचे संख्याशास्त्रीय निकष आहेत, हे खरं. आकाइकेंचा निकष प्रत्येक जादा चलामागे २ गुणांचा दंड लावतो. श्वार्झ यांचा निकष निरीक्षणांच्या संख्येच्या नैसर्गिक लॉगॅरिदमइतका : ३६ जिल्ह्यांसाठी सुमारे ३.६, साडेतीनशे तालुक्यांसाठी सुमारे ५.९. पहिला अंदाज नेमका यावा यासाठी बांधलेला, दुसरा दिलेल्या मॉडेलांतलं खरं मॉडेल ओळखण्यासाठी. तालुक्यावर उतरलं की माहिती दसपट झाली असं वाटतं, पण शेजारचे तालुके एकाच धरणाच्या कालव्यावर आणि एकाच बाजारपेठेवर जगतात. साडेतीनशे ओळी म्हणजे साडेतीनशे स्वतंत्र साक्षीदार नव्हेत. हे विसरलं तर दुबळा चलही भक्कम दिसू लागतो.

सर्वांत मोठा धोका वेगळाच आहे. जिथं पाणी आलं तिथं ऊस आला, कारखाना आला, मागोमाग सहकारी बँक आली. हे चल एकमेकांना इतके चिकटलेले असतात की मॉडेल त्यातला एक ठेवतं आणि बाकीचे टाकून देतं. बँकशाखा राहिली, सिंचन गळलं. मंत्रालयात त्या तक्त्याचा अर्थ काय लावला जाईल? शाखा उघडा, कालव्याचं नंतर पाहू. वास्तविक त्या तक्त्यानं कालवा खोदल्यावर काय होईल हे सांगितलेलंच नसतं. त्यासाठी कालवा आलेले आणि थोडक्यात हुकलेले तालुके, आधी आणि नंतर, असे ताडून पाहावे लागतात. शेतकऱ्याच्या वाट्याचं पाणी एका गळलेल्या चलामुळे लांबणीवर पडणार असेल, तर ही आमच्या विषयातली बारकाई उरत नाही.

विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठीच्या वैधानिक विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. अनुशेष पुन्हा मोजायची वेळ येईल तेव्हा माझी मागणी अशी आहे : निर्देशकांची यादी आकडे हाती येण्याआधी जाहीर करा. तालुकावार माहिती सर्वांसाठी खुली ठेवा. तालुक्याला एकच क्रमांक देऊ नका. निरनिराळ्या मॉडेलांत तो कुठून कुठवर सरकतो तेही छापा. जो तालुका प्रत्येक मॉडेलात तळाशी राहतो, त्याचा निधी पहिल्याच अर्थसंकल्पात द्या. ज्यांचा क्रमांक वरखाली होतो, त्यांच्याबाबत अधिकारी आणि अभ्यासकांनी तिथं जाऊन पाहणी करावी, आणि तोवर त्यांचा चालू निधी कापू नये.