गल्ल्याची किल्ली

श्रोतेहो, नमस्कार.

सातारा जिल्ह्यातल्या एका गावात आम्ही दहाजणी बचत गटातून कांदा-लसूण मसाला करतो. धंदा वाढवायला काय लागतं, असं मला पुष्कळजण विचारतात. मसाला कुटायचा डंख लागतो, भांडवल लागतं, गिऱ्हाईक लागतं, ते सगळं खरंच आहे. पण आज मी वहीबद्दल बोलणार आहे.

आमच्या दुसऱ्या वर्षाची गोष्ट. विक्री पहिल्या वर्षापेक्षा बरीच वाढली होती. फेब्रुवारी संपत आला, बाजारात नवी ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची उतरली. वर्षाची मिरची तेव्हाच भरायची असते, पुढे भाव चढतात. आम्ही गल्ला उघडला, तर मिरचीच्या चार पोत्यांपुरतेही पैसे नव्हते. चोरी कुणीच केली नव्हती. कुणी मुलीच्या फीसाठी घेतले, कुणी सासूबाईंच्या औषधाला, मी घरच्या गॅससाठी घेतले. प्रत्येकीने "सोमवारी टाकते" म्हटलं होतं आणि प्रत्येकीचा विचार खरा होता. त्यात भर म्हणजे मोबाईलवरून पैसे घ्यायचा कोड माझ्या मिस्टरांच्या खात्याचा होता. मसाल्याचे पैसे आणि घरच्या दुधाचे पैसे एकाच खात्यात पडत होते. त्यातले कुठले कशाचे, हे मलाही सांगता येईना. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि हिशोबाच्या नोंदी, ही बचत गटाची पंचसूत्री आम्हाला तोंडपाठ होती. बैठकीच्या सुरुवातीला आम्ही ती म्हणायचो आणि मग चहा व्हायचा.

त्या दिवसांत मला लिज्जत पापडाची हकीकत नीट समजून घ्यावीशी वाटली. आपण सगळे तो पापड खातो, पण त्याची सुरुवात फार थोड्यांना माहीत असते. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणींनी पापड लाटायला घेतले. जसवंतीबेन पोपट त्यांच्यातल्या एक; २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. भांडवल होतं ८० रुपये, तेही समाजसेवक छगनलाल पारेख यांच्याकडून उसने घेतलेले. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली.

छगनबाप्पांनी या बायकांना दोन गोष्टी बजावल्या. माल एकाच दर्जाचा, उत्तम असला पाहिजे आणि हिशोब चोख असला पाहिजे. बायकांनी स्वतःही ठरवलं, की तोटा झाला तरी कुणाकडे देणगी मागायची नाही. मला हा निर्णय फार मोठा वाटतो. देणगीची वाट बंद केली, की तुटलेला प्रत्येक पापड नजरेत भरतो. तुटलेले पापड त्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटून टाकत, विकत नसत. पहिल्या पावसाळ्यात ऊन नसल्यामुळे चार महिने काम बंद पडलं. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला. खाटेवर पापड पसरायचे, खाली स्टोव्ह पेटवायचा, आणि पावसातही काम चालू राहिलं.

सगळं पसरट व्हायला लागलं की मला त्यांच्या कामाची रीत आठवते. पीठ केंद्रावर मळलं जातं. बहीण, म्हणजे तिथली सभासद बाई, ते वजन करून घरी नेते, लाटते, वाळवते आणि दुसऱ्या दिवशी पापड परत आणते. ते पुन्हा वजन करून, तपासून घेतले जातात, तिला लाटणावळ मिळते आणि नवं पीठ मिळतं. कालचा हिशोब पुरा झाल्याशिवाय आजचं काम सुरू होत नाही. तिथे कामगार आणि मालकीण असा भेद नाही, सगळ्याच बहिणी मालकिणी; तरीही मालकिणीचे पापड तराजूत पडतातच. सातजणींच्या आज ४५ हजारांच्या घरात बहिणी झाल्या आहेत.

मग आम्ही काय केलं? गटाच्या नावाचं वेगळं खातं काढलं, कोड त्या खात्याला जोडला. गल्ल्याला दोन कुलपं लावली, किल्ल्या दोघींकडे. रोजकीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, त्याच दिवशी लिहायची आणि मंगळवारी मोठ्याने वाचायची. घरासाठी पैसे हवेत तर बैठकीत सांगून कर्ज म्हणून घ्यायचे. बैठकीला उशीर झाला तर दहा रुपये दंड. पहिला महिना जड गेला. "आता एकमेकींवर विश्वास उरला नाही का?" असं एक मैत्रीण रडवेली होऊन म्हणाली. तिचं मन दुखावलं याचं मला वाईट वाटलं. पण माझ्या हातून गल्ल्यातले पैसे गेले तेव्हाही आमचा एकमेकींवर विश्वास होताच.

दुसरा बदल पाकिटावर केला. दर घाण्याला नंबर द्यायचा आणि वहीत त्या घाण्याला कुणी मिरची भाजली, कुणी खोबरं भाजलं, कुणी कांडपाला उभी राहिली ते लिहायचं. एकदा पुण्याहून फोन आला, मसाला कडवट लागतोय. नंबर विचारला, वही उघडली. त्या दिवशी खोबरं भाजायला मीच होते. मधेच घरी पाहुणे आले म्हणून मी उठले होते आणि कढई तशीच चुलीवर राहिली होती. करपलेलं खोबरं चांगल्यात मिसळलं गेलं. त्या घाण्याची पाकिटं दुकानांतून परत आणली, बाकीचा माल वाचला. नंबर नसता तर महिन्याभराचा मसाला फेकावा लागला असता. तेव्हापासून खोबरं भाजायला बसलेल्या बाईने कढई उतरेपर्यंत उठायचं नाही. दारात कुणीही आलं तरी दुसरी जाऊन बघते.

यंदा मिरची आम्ही रोखीने भरली. पोती मोजून घेतली, पावती वहीत चिकटवली. आज मंगळवार आहे. संध्याकाळी सातला देवळामागच्या खोलीत बैठक आहे आणि वही वाचायची पाळी माझी आहे. सातच्या आत पोचायला हवं.

नमस्कार.